गोळी कधी थांबवायची, कधी सुरू करायची

मी इतिहास शिकवते, डॉक्टर नाही. हे आधीच सांगते, कारण आजचा विषय औषधांचा आहे. हे ऐकून किंवा वाचून कुणी आपल्या गोळ्या आपल्या मनाने कमीजास्त करू नयेत. पण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, घरातून आला. म्हणून सुरुवात घरापासूनच करते.

२०११ साली माझे बाबा ७१ वर्षांचे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, प्रकृतीने काटक, रोज पहाटे फिरायला जाणारे. आमचं घर इंदूरचं. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणून त्यांना वॉरफरिनची गोळी चालू होती. ठोके असे पडू लागले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. ते टळावं म्हणून ही गोळी. आपण तिला सरसकट ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो.

त्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सर्जन म्हणाले, गोळी पाच दिवस आधी बंद. मग बाबांच्या हृदयाचे डॉक्टर म्हणाले, गोळी बंद केली की मधल्या दिवसांत गुठळीची भीती, म्हणून ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ पोटावर हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते थांबवायचं, ऑपरेशननंतर पुन्हा सुरू करायचं, आणि गोळीचा परिणाम परत दिसेपर्यंत चालू ठेवायचं. गोळी थांबली ते पुन्हा लागू होईपर्यंत मधे टाकलेला हा पूल. डॉक्टरांच्या भाषेत ‘ब्रिजिंग’.

नर्सने मला एकदा दाखवलं. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, नंतर चोळायचं नाही. घरी आल्यावर ती इंजेक्शनं मीच दिली. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले. चौथ्या दिवशी जांघ फुगली, काळीनिळी पडली, बाबांना उठवेना. आत रक्त साठलं होतं. पुन्हा ऑपरेशन थिएटर, पुन्हा भूल, रक्ताच्या दोन पिशव्या. बाबा वाचले. पण कितीतरी दिवस मला एकच प्रश्न छळत होता : माझ्या हातून काही चुकलं का? सुई चुकली, वेळ चुकली, की डोस चुकला?

डॉक्टरांनी सांगितलं, काहीही चुकलेलं नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं. तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. आज वाटत नाही. सगळं खरोखरच नियमाप्रमाणे झालं होतं. प्रश्न असा होता की तो नियम आला कुठून? नियमाचा उगम शोधणं हे इतिहासाच्या माणसाचं काम. ते मी करत गेले, आणि जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घातल्यासारखं काही होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. ऑपरेशनच्या वेळी नेमकी हीच अडचण होते. कारण ऑपरेशन म्हणजे जखम, आणि जखमेवर रक्त गोठायला हवं. नाही गोठलं तर माणूस रक्तस्रावाने जाईल. भलत्या ठिकाणी गोठलं तर गुठळीने जाईल. सर्जन या दोन भीतींच्या मधोमध उभा असतो, आणि गेली शंभर वर्षं या विषयाचा इतिहास म्हणजे कोणत्या भीतीला किती मान द्यायचा याचाच इतिहास आहे.

आधी कोणती भीती मोठी होती? गुठळीची. एकोणिसाव्या शतकात भूल आली, जंतुनाशकं आली, ऑपरेशनं सुरक्षित होऊ लागली. पण एक विचित्र मृत्यू उरला. ऑपरेशन नीट झालेला, जखम भरत आलेला रुग्ण आठव्या-दहाव्या दिवशी अंथरुणावरून उठतो, दम लागतो, आणि काही मिनिटांत जातो. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ही गुठळी कुठून कुठे जाते ते दाखवून दिलं होतं. पण कळणं वेगळं आणि रोखणं वेगळं. त्या काळी ऑपरेशननंतर रुग्णाला आठवडे-आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. विश्रांती म्हणून. पडून राहिल्याने पायातलं रक्त मंदावतं आणि गुठळीला आयतं निमंत्रण मिळतं, हे पुढे कळलं. आपल्याकडे अजूनही ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘हलू नकोस, पडून राहा’ असं मायेने सांगितलं जातं. त्या मायेचं मूळ त्या जुन्या काळात आहे.

१९०८ साली जर्मनीत लाइपझिगच्या फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी छाती उघडून ती गुठळी ओढून काढायचा प्रयत्न केला. त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. त्यांचेच शिष्य मार्टिन किर्शनर यांना १९२४ साली पहिल्यांदा एक रुग्ण वाचवता आला. मधे सोळा वर्षं. पुढे १९३०च्या सुमारास बॉस्टनमध्ये जॉन गिबन नावाच्या तरुण सर्जनला अशाच एका रुग्ण स्त्रीजवळ रात्रभर बसवलं गेलं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिच्या फुप्फुसात गुठळी अडकली होती. सकाळी गुठळी काढली, पण ती वाचली नाही. त्या रात्री गिबन यांच्या मनात आलं की थोडा वेळ शरीराबाहेरच रक्तात प्राणवायू मिसळता आला असता तर! त्यातून हृदय-फुप्फुस यंत्र जन्माला आलं आणि १९५३ साली त्यांनी ते वापरून यशस्वी ऑपरेशन केलं. पण रक्त यंत्रातून फिरवायचं तर ते यंत्रात गोठायला नको. म्हणजे गोठणं थांबवणारं औषध हवं. ते औषध तोवर सापडलेलं होतं, आणि सापडलं होतं चुकून.

१९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याला काम दिलं होतं रक्त गोठवणारा पदार्थ शोधण्याचं. तो वेगवेगळ्या अवयवांतून अर्क काढत होता. यकृतातून काढलेला अर्क उलटाच वागायला लागला, रक्त गोठूच देईना. मॅक्लीन यांनी पुढे आठवण लिहिली आहे की त्यांनी मांजराच्या रक्ताचं भांडं हॉवेल यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे गोठलं की मला सांगा. ते गोठलंच नाही. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणतात, त्यावरून हॉवेल यांनी १९१८ साली ‘हेपॅरिन’ हे नाव दिलं.

पण हा अर्क इतका अशुद्ध होता की माणसाला देण्याजोगा नव्हता. ते काम टोरंटोत झालं. इन्शुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी हेपॅरिन शुद्ध करायचा ध्यास घेतला. तिकडे स्वीडनमध्ये एरिक योर्पेस त्याच कामावर होते. १९३५ पासून माणसांवर वापर सुरू झाला, आणि १९३७ साली टोरंटोचे गॉर्डन मरे आणि स्टॉकहोमचे क्लॅरेन्स क्राफूर्ड या दोघा सर्जननी ऑपरेशननंतरच्या गुठळ्या रोखण्यासाठी हेपॅरिन दिल्याचे अहवाल प्रसिद्ध केले. ऑपरेशन झालेल्या माणसाला रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं! ऐकायला उलटं वाटतं. त्या काळच्या सर्जनना तर किती उलटं वाटलं असेल, विचार करा.

आता दुसरी गोष्ट. बाबांच्या गोळीची. ही सुरू होते गोठ्यात.

१९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुरं विचित्र कारणाने मरू लागली. रोगाची साथ नव्हती. पण शिंगं कापली, खच्चीकरण केलं की जनावराचं रक्त थांबायचंच नाही. त्या काळच्या नोंदींत आहे की शिंगं कापलेल्या २२ गाईंपैकी २१ आणि खच्चीकरण केलेल्या २५ गोऱ्ह्यांपैकी १२ रक्त वाहून मेले. नीट बघा, हीदेखील ऑपरेशनचीच गोष्ट आहे. एरवी धडधाकट दिसणारं जनावर शस्त्र लागलं की जायचं. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यांनी कारण शोधलं : स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. आपल्याकडच्या लसूणघासाच्या जातकुळीतला. चांगला वाळलेला चारा निरुपद्रवी, पण ओलसर राहून बुरशी धरलेला चारा घातक. मात्र त्यातलं नेमकं काय घातक, ते कळलं नव्हतं.

१९३३च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी ट्रक घेऊन मॅडिसन शहरात आला. १९० मैल, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर. ट्रकमध्ये मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि १०० पौंड खराब चारा. शनिवार होता. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद. जिथे दार उघडं दिसलं तिथे तो शिरला. ती होती कार्ल पॉल लिंक यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा. लिंक त्याला एवढंच सांगू शकले की हा चारा देऊ नका. तो शेतकरी तसाच वादळातून परत गेला. लिंक आणि त्यांचे सहकारी मात्र त्या रक्ताला चिकटून बसले. १९३९ साली, म्हणजे सहा वर्षांनी, त्यांना त्या चाऱ्यातला गुन्हेगार स्फटिकरूपात मिळाला : डायकुमेरॉल. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच डॉक्टर तो माणसांवर वापरू लागले.

लिंक यांनी त्या जातीची आणखी संयुगं बनवली. त्यातलं एक इतकं जोरदार निघालं की १९४८ साली ते उंदीर मारायला बाजारात आलं. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव ठेवलं वॉरफरिन. होय, उंदराचं औषध. बाबांना हे मी नंतर सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं तू मला सकाळच्या चहाबरोबर हेच देत होतीस होय!”

माणसाला हे विष द्यायला कुणी धजत नव्हतं. १९५१ साली अमेरिकेत सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव देण्यासाठी ते विष अनेक दिवस खाल्लं. दवाखान्यात रक्त आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. म्हणजे या विषाला उतारा आहे, हे सिद्ध झालं. १९५४ पासून वॉरफरिन माणसांसाठी मिळू लागलं, आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते दिलं गेलं. मग लोकांचा संकोच गेला.

ॲस्पिरिनचीही अशीच कथा. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर टॉन्सिलची ऑपरेशनं करत. दुखणं कमी व्हावं म्हणून रुग्ण ॲस्पिरिनचा च्युइंगगम चघळत. त्यांच्या लक्षात आलं की जे जास्त चघळतात त्यांना जास्त रक्त येतं. त्यावरून त्यांनी तर्क केला की ॲस्पिरिन गुठळी रोखत असणार. हृदयविकार टाळण्यासाठी ते रुग्णांना ॲस्पिरिन देऊ लागले. त्यांचं म्हणणं फार कुणी मनावर घेतलं नाही. ॲस्पिरिन नेमकं काय करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं, आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

तिन्ही गोष्टींत काय दिसतं? हेपॅरिन, वॉरफरिन, ॲस्पिरिन. तिन्ही वेळा कुणीतरी न थांबणारं रक्त पाहिलं आणि दुर्लक्ष केलं नाही. पण पाहणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी मोजण्याची. ती जास्त कठीण होती.

वॉरफरिनचा डोस सगळ्यांना सारखा चालत नाही. व्हिटॅमिन के आणि वॉरफरिन एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, त्यामुळे पालेभाजी कमीजास्त झाली तरी परिणाम बदलतो. मग रक्त किती सावकाश गोठतंय हे मोजायचं कसं? आर्मंड क्विक यांनी १९३५ साली त्याची एक चाचणी काढली. पण ती करायला लागणारं रसायन जागोजागी वेगळं. त्यामुळे एकाच रक्ताचा आकडा एका प्रयोगशाळेत एक, दुसरीत दुसरा. एका देशात बेताचा वाटणारा डोस दुसऱ्या देशात जास्त ठरायचा. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी स्वीकारली. तीच आयएनआर. आज तुम्ही इंदूरला तपासा, बेळगावला तपासा की बडोद्याला, आकड्याचा अर्थ एकच. ज्यांचं घर एका राज्यात आणि मुलं दुसऱ्या राज्यात, अशा आपल्यासारख्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मोजण्याचं दुसरं मोठं काम केलं विजय कक्कर यांनी. भारतीय वंशाचे हे सर्जन लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये होते. पुढे बंगळूरमध्येही त्यांनी संशोधन संस्था उभी केली. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या पायात गुठळी होते कधी, हे त्यांनी शोधलं. लक्षात आलं की कित्येक गुठळ्या ऑपरेशनच्या टेबलावर किंवा त्यानंतर लगेचच सुरू होतात, पुष्कळदा काहीच लक्षण न दिसता. मग त्यांनी एक साधी युक्ती तपासली. हेपॅरिनचा लहानसा डोस, ऑपरेशनच्या दोन तास आधी आणि नंतर ठरावीक वेळाने. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. चार हजारांहून जास्त रुग्ण. लहान डोस न दिलेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने १६ मृत्यू, डोस दिलेल्या गटात २. मोठ्या ऑपरेशननंतर आज पोटावर छोटी सुई देतात, तिच्यामागे हा आकडा आहे.

आता येऊ त्या पुलाकडे, जो बाबांच्या पोटावर मी माझ्या हाताने टाकला.

वॉरफरिनचा परिणाम उतरायला साधारण पाच दिवस लागतात आणि पुन्हा चढायलाही तितकेच. १९९०च्या दशकात हेपॅरिनचा असा प्रकार हाताशी आला की जो घरी, पोटावर, वजनाप्रमाणे देता येतो. मग डॉक्टरांनी विचार केला, मधले दिवस मोकळे कशाला ठेवायचे? पूल टाकू. तर्क बिनतोड होता. कक्कर यांचा डोस लहान होता, हा पुलाचा डोस मोठा, उपचाराचा. पण रुग्णाला काहीतरी देतोय याचं समाधान होतं. पक्षाघात झाला असता तर सगळे विचारणार, इंजेक्शन का नाही दिलं? रक्तस्राव झाला तर म्हणणार, ऑपरेशनमध्ये होतंच असं. एका भीतीचा हिशोब ठेवला जात होता, दुसरीचा ठेवला जात नव्हता. हा तर्क खरा की खोटा, हे पुरेशा मोठ्या प्रमाणावर कुणी तपासलं नव्हतं. तरी जगभर प्रथा पडली.

२००९ साली अमेरिका आणि कॅनडात ती तपासणी सुरू झाली. नावच ‘ब्रिज’. हृदयाचे ठोके अनियमित असलेले, वॉरफरिन घेणारे १,८८४ रुग्ण. सगळ्यांची गोळी पाच दिवस आधी बंद. अर्ध्यांना खरं इंजेक्शन, अर्ध्यांना हुबेहूब तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. गुठळीमुळे पक्षाघातासारखे प्रकार इंजेक्शन घेणाऱ्यांत हजारी ३, न घेणाऱ्यांत हजारी ४. म्हणजे जवळजवळ सारखेच. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शन घेणाऱ्यांत हजारी ३२ आणि न घेणाऱ्यांत हजारी १३. पुलाने वाचवलं कुणालाच नव्हतं म्हणा, आणि रक्त मात्र दुपटीहून जास्त लोकांचं गेलं.

हा निकाल मी वाचला त्या रात्री बराच वेळ नुसती बसून राहिले. चार वर्षं मनात धरलेला तो प्रश्न एकदम वेगळा दिसायला लागला. सुई बरोबर होती, वेळ बरोबर होती, डोसही बरोबर होता. जगभरच्या डॉक्टरांचा समज अपुरा होता. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंजेक्शन न घेणाऱ्यांतही हजारी तेरांना रक्तस्राव झालाच. बाबांना इंजेक्शन दिलं नसतं तर काहीच झालं नसतं, असं मी म्हणू शकत नाही. हजारांचा आकडा एका माणसाबद्दल शपथ घेत नाही. तो फक्त पुढच्या माणसासाठी काय करावं ते सांगतो.

आणि पुढचा माणूस पुन्हा बाबाच होते. २०१९ साली दुसऱ्या बाजूचा हर्निया. वय ७९. मी जरा धास्तावूनच गेले होते. या वेळी भूलतज्ज्ञ, सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर तिघांनी आपसात बोलून ठरवलं. गोळी पाच दिवस आधी बंद, आदल्या दिवशी आयएनआर, पूल नाही, आणि रक्त येत नसेल तर ऑपरेशननंतर चोवीस तासांच्या आत गोळी पुन्हा नेहमीच्या डोसने. भूलतज्ज्ञ बाईंनी हे एका कागदावर तारखांसकट लिहून दिलं. बाबांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि रोज एक ओळ खोडत गेले. तिसऱ्या दिवशी ते अंगणात फिरत होते.

म्हणजे पूल सगळ्यांसाठीच वाईट का? नाही. आणि इथे कृपया कान देऊन ऐका. ‘ब्रिज’मध्ये हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेले रुग्ण घेतलेच नव्हते. आपल्या देशात हे फार महत्त्वाचं आहे. लहानपणी घसा दुखण्यातून होणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो, आणि भारतात असे रुग्ण पुष्कळ. परदेशी झडपा परवडत नसत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप बनवण्याची खटपट झाली. आधीचे प्रयत्न फसले, चौथा नमुना जमला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्या रुग्णात बसवला गेला. तेव्हापासून ही झडप देशभर वापरली जाते. अशी झडप असलेल्याला गोळी आयुष्यभर लागते. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी पुष्कळांना ॲसेनोकूमेरॉल देतात. त्यांची गोळी थांबवली तर झडपेवरच गुठळी बसू शकते. कोणती झडप, कुठल्या जागी, ऑपरेशन कोणतं, यावर त्यांचा निर्णय वेगळा होतो. बाबांचा कागद त्यांना चालणार नाही. हृदयात नुकताच स्टेन्ट बसवलेल्यांचंही तेच. दात काढायचा म्हणून त्यांनी आपण होऊन गोळी बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. साध्या दात काढण्यासाठी तर पुष्कळदा गोळी थांबवावीच लागत नाही.

२०१०च्या सुमारास नव्या गोळ्या आल्या : डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन. त्यांना महिन्याच्या महिन्याला आयएनआर लागत नाही. त्या लवकर चढतात, लवकर उतरतात, त्यामुळे पूल टाकायचा प्रश्नच उरत नाही. ‘पॉज’ नावाच्या अभ्यासात ठोके अनियमित असलेल्या ३,००७ रुग्णांवर साधा नियम वापरून पाहिला : लहान ऑपरेशनला एक दिवस आधी गोळी बंद, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर दोन दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅबिगॅट्रान आणखी आधी. गोळी पुन्हा सुरू तशीच, लहान ऑपरेशननंतर एका दिवसाने, मोठ्यानंतर दोन-तीन दिवसांनी. २०१९ साली त्याचे निकाल आले, आणि गुठळी व रक्तस्राव दोन्ही कमी राहिले.

शेवटी एकच सांगते. या सगळ्या इतिहासात ‘कधी थांबवायची’ यावर खूप खल झाला. घरांतून मात्र दुसरा अर्धा भाग हरवतो : ‘पुन्हा कधी सुरू करायची’. सर्जनला वाटतं हृदयाचे डॉक्टर सांगतील, त्यांना वाटतं सर्जनने सांगितलं असेल, आणि रुग्ण बिचारा गोळी सुटली म्हणून खूश. टाके निघतात, मंडळी पेढे वाटतात, आणि गोळीची डबी कपाटात तशीच राहते. गुठळी नेमकी याच दिवसांची वाट पाहत असते.

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर हिंमत करून तीन गोष्टी विचारा आणि लिहून मागा. कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबवायची. मधे इंजेक्शन द्यायचं का, आणि द्यायचं तर का. आणि गोळी पुन्हा कोणत्या तारखेला, किती डोसने, कुणाच्या सांगण्यावरून सुरू करायची. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. नियम बदलत आले ते प्रश्न विचारूनच. कार्लसनसुद्धा प्रश्न घेऊनच ३०० किलोमीटर आला होता, आणि त्या दिवशी त्याला उत्तर मिळालं नव्हतं. आपल्याला आज ते मिळू शकतं.

बाबांचा तो कागद मी जपून ठेवला आहे. सगळ्या ओळी खोडलेल्या. शेवटची ओळ ‘संध्याकाळी गोळी सुरू’. तिच्यापुढे बाबांनी स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली आहे.